लिनक्सवरचे साधन विंडोज-मॅकवर नेले की मराठी नावाच्या फायली का अडतात? (समस्या निवारण)

फायलींची नावे एकगठ्ठा बदलणारे, दोन फोल्डर जुळवून पाहणारे किंवा बॅकअप घेणारे एखादे मुक्त साधन लिनक्सवर वर्षानुवर्षे नीट चाललेले असते. ‘दऱ्या’, ‘पाठ ३’, ‘जि.प.’ अशी नावे ते विनातक्रार हाताळते. मग ते विंडोजसाठी आणि मॅकसाठी कंपाइल होते, इंग्रजी नावांवरच्या सगळ्या चाचण्या पार पडतात आणि नवी आवृत्ती बाहेर पडते. लगेच तक्रार येते: फाइल समोर दिसते आहे, पण साधन म्हणते ती नाहीच. एक दुरुस्ती केली की तीच तक्रार थोडे रूप बदलून परत येते, कारण यामागे पाच-सहा वेगवेगळे दोष एकमेकांवर चढलेले असतात. वरचा काढला की खालचा दिसू लागतो.

खाली आज्ञा, फंक्शने आणि पर्याय यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टंकताना त्यांचे मूळ रोमन स्पेलिंग वापरा.

आधी नाव कुठे बिघडले ते पाहा

पडद्यावर नावाचे काय झाले आहे यावरून निम्मे निदान होते.

नावाच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर कोणीतरी ते नाव देवनागरी नसलेल्या कोडपेजमध्ये (कोणता बाइट म्हणजे कोणते चिन्ह हे ठरवणाऱ्या कोष्टकात) रूपांतरित केले आहे. मूळ अक्षरे तिथेच संपली. पुढच्या कोडमध्ये कितीही खटपट केली तरी ती परत येत नाहीत, म्हणून दोष मागे, नाव प्रोग्रॅममध्ये शिरते त्या जागी शोधायचा.

डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याच्या शेजारी ¤ किंवा ¥ अशी माळ दिसत असेल, तर यूटीएफ-८ मधले बाइट विंडोज-१२५२ (रोमन लिपीचे जुने कोडपेज) समजून वाचले गेले आहेत. देवनागरीचे प्रत्येक युनिकोड अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असते. त्यातला पहिला बाइट नेहमी ई०, दुसरा ए४ किंवा ए५ (हे आकडे सोळामान पद्धतीतले). १२५२ मध्ये हे पहिले दोन बाइट म्हणजे नेमकी वर सांगितलेली चिन्हे. इथे माहिती शाबूत आहे, फक्त वाचणारा चुकला आहे.

चौकोन दिसत असतील तर तो फॉन्टचा प्रश्न आहे. विंडोजच्या कन्सोलमध्ये सहसा असणाऱ्या कन्सोलास फॉन्टमध्ये देवनागरी नाही. यासाठी कोडला हात लावू नका. हा फरक न कळल्याने धडधाकट कोड बिघडवला जातो, असे फार वेळा घडते.

\३४०\२४४ अशा आकड्यांच्या जोड्या दिसत असतील, तर तेही बाइट बरोबरच आहेत, फक्त अष्टमान पद्धतीत छापले आहेत. गिटच्या ‘स्टेटस’मध्ये मराठी नावे अशी दिसतात. ‘कोअर.कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की नावे वाचता येतात.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे नाव डोळ्यांना अगदी बरोबर दिसते आणि तरीही सापडत नाही. अशा वेळी डोळ्यांवर विसंबू नका, बाइट पाहा. लिनक्स आणि मॅकवर ‘एलएस’चे आउटपुट ‘एक्सएक्सडी’ला पाइप करा. विंडोजवर पॉवरशेलमध्ये नावाचे एकेक अक्षर पूर्णांकात बदलून सोळामान पद्धतीत छापा. तक्रार करणाऱ्याकडून स्क्रीनशॉट मागण्यापेक्षा हे आउटपुट मागितले तर आठवडा वाचतो.

लिनक्सवर चालले म्हणून काही सिद्ध होत नाही

लिनक्सच्या कर्नलला फाइलच्या नावाचा अर्थ कळत नाही. नाव म्हणजे बाइटांची ओळ. त्यात शून्य बाइट आणि तिरकी रेघ, एवढ्याच दोन गोष्टी चालत नाहीत. एक्स्ट४ सारख्या नेहमीच्या फाइलप्रणालीत जे बाइट दिले तेच परत मिळतात. त्यामुळे एन्कोडिंगचा विचारच न केलेला कोडही तिथे बिनचूक चालतो. विंडोज आणि मॅक मात्र नावाला युनिकोड मजकूर मानतात. पोर्ट करताना जे दोष दिसतात ते बहुतेक पहिल्यापासूनच कोडमध्ये असतात.

विंडोज: नावाच्या जागी प्रश्नचिन्हे

एनटीएफएस नावे यूटीएफ-१६ मध्ये ठेवते, म्हणजे डिस्कवर मराठी नाव सुरक्षित असते. पण विंडोजच्या मजकूर हाताळणाऱ्या बहुतेक फंक्शनांच्या दोन आवृत्त्या आहेत: शेवटी ‘ए’ असलेली आणि शेवटी ‘डब्ल्यू’ असलेली. सी भाषेतले ‘एफओपन’, ‘मेन’ला मिळणारे ‘आर्ग्व्ही’, ‘गेटएनव्ही’, ‘ओपनडिर’ हे सगळे ‘ए’च्या वाटेने जातात, आणि ती वाट सिस्टिमच्या कोडपेजमधून जाते. भारतात इंग्रजी विंडोज घेतले की ते कोडपेज १२५२ असते.

‘सिस्टिम लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) मराठी करून पाहा’ हा सल्ला ठिकठिकाणी दिला जातो. जुन्या पद्धतीचे, सिस्टिमसाठी वापरता येईल असे देवनागरी कोडपेज विंडोजमध्ये कधी नव्हतेच. ५७००२ हा क्रमांक इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या मानकातल्या देवनागरीसाठी आहे, पण तो फक्त मजकुराच्या रूपांतरासाठी. तो सिस्टिमचे कोडपेज होऊ शकत नाही. वापरकर्त्याला सेटिंग बदलायला लावण्यावर विसंबता येत नाही, दुरुस्ती साधनातच करावी लागते.

‘पाठ’ हे नाव या वाटेने गेले की त्याची तीन प्रश्नचिन्हे होतात (प, काना, ठ). विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून ‘एफओपन’ अपयशी ठरताना त्रुटी क्रमांक २ म्हणजे ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ न देता २२ म्हणजे ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ देतो. त्रुटीच्या नोंदीत २२ दिसला की निदान झालेच समजा.

याचा धोकादायक भाग वेगळाच आहे. मिंगडब्ल्यू या विंडोजसाठीच्या मुक्त कंपायलर संचाने बांधलेल्या अनेक प्रोग्रॅममध्ये रनटाइमच आज्ञेतली * आणि ? ही चिन्हे उलगडतो. मराठी नावाची प्रश्नचिन्हे झाली की ती वाइल्डकार्ड ठरतात आणि त्याच फोल्डरमधली तीन अक्षरी नावाची दुसरीच फाइल जुळते. साधन फायली पुसणारे किंवा नावे बदलणारे असेल तर वापरकर्त्याची भलतीच फाइल जाईल. असा दोष ‘ज्ञात समस्या’ म्हणून माहितीपत्रकात लिहून ठेवणे पुरेसे नाही. तो दुरुस्त होईपर्यंत विंडोजची आवृत्ती देऊ नये.

उपाय दोन आहेत.

पहिला, मॅनिफेस्ट. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून (२०१९) प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमला जोडलेल्या एक्सएमएल माहितीत) ‘ॲक्टिव्हकोडपेज’ या घटकाची किंमत यूटीएफ-८ ठेवता येते. मग त्या प्रक्रियेपुरती ‘ए’ची सगळी वाट यूटीएफ-८ होते आणि लिनक्सचा कोड जवळजवळ तसाच चालतो. एक्सएमएल फाइल लिहा, हा घटक २०१९ च्या विंडोजसेटिंग्ज नेमस्पेसमध्ये टाका (जुन्या वर्षाच्या नेमस्पेसमध्ये टाकला तर तो गुपचूप दुर्लक्षित होतो), रिसोर्स फाइलमध्ये ओळख क्रमांक १ आणि प्रकार २४ देऊन ती जोडा, ‘विंडरेस’ने तिचे ऑब्जेक्ट करून लिंक करा. सोबत यूसीआरटी हा रनटाइम निवडा. जुन्या एमएसव्हीसीआरटीला यूटीएफ-८ लोकेल कळत नाही, त्यामुळे फाइल उघडेल पण ‘एमबीएसटूडब्ल्यूसीएस’सारखी रूपांतरे फसतील. विंडोजवर मुक्त साधने बांधण्याचा संच एमसिस२ याने २०२२ मध्ये आपले नेहमीचे वातावरण यूसीआरटी६४ केले आहे. जुन्या बिल्ड स्क्रिप्ट मात्र अजून मिंगडब्ल्यू६४ मागतात, त्या तपासा. शेवटी प्रोग्रॅम सुरू होताना ‘गेटएसीपी’ ६५००१ देतो का ते पाहा. दिले नाही तर विंडोज जुने आहे किंवा मॅनिफेस्ट जोडलाच गेला नाही. अशा वेळी स्पष्ट संदेश देऊन थांबा.

दुसरा, ‘डब्ल्यू’ची वाट. प्रोग्रॅमच्या आत सगळीकडे यूटीएफ-८ ठेवायचे आणि विंडोजच्या उंबरठ्यावर यूटीएफ-१६ करायचे. ‘गेटकमांडलाइनडब्ल्यू’ने आज्ञा घ्या, ‘कमांडलाइनटूआर्ग्व्हीडब्ल्यू’ने तिचे तुकडे करा, तुकडे यूटीएफ-८ मध्ये आणा. मग ‘एफओपन’, ‘ओपनडिर’, ‘स्टॅट’, ‘रीनेम’, ‘अनलिंक’, ‘एमकेडिर’, ‘गेटएनव्ही’ या सातांसाठी आपली छोटी वेष्टणे लिहा. रूपांतर करताना ‘मल्टिबाइटटूवाइडचार’ला चुकीचे बाइट नाकारण्याचा फ्लॅग द्या, नाहीतर बिघडलेल्या नावात पर्यायी चिन्ह घुसते आणि त्रुटी दोन फंक्शने पुढे जाऊन फुटते. या वाटेने गेल्यावर लगेच नवी तक्रार येते की तारांकन देऊन सगळ्या फायली निवडता येत नाहीत. विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट तारांकन उलगडत नाही आणि ‘कमांडलाइनटूआर्ग्व्हीडब्ल्यू’ही उलगडत नाही, तेवढा भाग स्वतः लिहावा लागतो. वेष्टण लिहितच आहात तर ‘रीनेम’मध्ये ‘मूव्हफाइलईएक्सडब्ल्यू’ वापरून आधीच्या फाइलवर लिहिण्याचा पर्याय द्या. लिनक्सवर जुनी फाइल बदलली जाते, विंडोजचे साधे ‘रीनेम’ ती असेल तर नकार देते.

छोट्या कमांड लाइन साधनासाठी मॅनिफेस्ट घ्यावा, काम अर्ध्या दिवसाचे आहे. पण तुमचा कोड लायब्ररी किंवा प्लगइन असेल तर मॅनिफेस्ट यजमान प्रोग्रॅमचा चालतो, तुमचा नाही, तिथे ‘डब्ल्यू’शिवाय इलाज नाही. फोल्डर वाचण्यासाठी तर मॅनिफेस्ट असूनही ‘डब्ल्यू’च बरे. ‘फाइंडफर्स्टफाइलए’च्या रचनेत नावासाठी २६० बाइटांचीच जागा आहे, म्हणजे शेवटचा शून्य बाइट वगळून ८६ देवनागरी अक्षरे. एनटीएफएसवर २५५ अक्षरांचे मराठी नाव सहज असू शकते.

क्यूटी वापरत असाल तर ‘क्यूफाइल’ला ‘क्यूस्ट्रिंग’ जशीच्या तशी द्या. मधेच तिची साधी स्ट्रिंग करून ‘एफओपन’ला देणे हीच नेहमीची चूक. जीलिब असेल तर ‘जी_एफओपन’ यूटीएफ-८ घेतो. सी++१७ चा ‘पाथ’ मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये साध्या स्ट्रिंगपासून बनवला की तो पुन्हा सिस्टिमच्या कोडपेजमधून जातो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

फाइलचे नाव इंग्रजी आहे आणि तरीही साधन सुरूच होत नाही, अशी तक्रार आली तर वापरकर्त्याच्या खात्याचे नाव विचारा. खाते मराठीत असेल तर घरचे फोल्डर आणि तात्पुरत्या फायलींचे फोल्डर दोन्हींच्या मार्गात देवनागरी येते. ‘गेटएनव्ही’ने घेतलेला तो मार्ग प्रश्नचिन्हांनी भरतो आणि सेटिंगची फाइल ना वाचता येते ना लिहिता येते. तसेच, तुमचे साधन आतून दुसरा प्रोग्रॅम चालवत असेल तर तो प्रोग्रॅमही दुरुस्त असावा लागतो. नसेल तर त्याला नाव देण्याऐवजी फाइलमधला मजकूर स्टँडर्ड इनपुटने द्या.

छापण्यासाठी ‘सेटकन्सोलआउटपुटसीपी’ने ६५००१ लावा आणि प्रोग्रॅम संपताना जुना क्रमांक परत ठेवा. कन्सोलवरून मजकूर वाचायचा असेल तर ‘रीडकन्सोलडब्ल्यू’ वापरा. जुन्या कन्सोलमध्ये ६५००१ लावून ‘ए’च्या वाटेने वाचले की देवनागरीच्या जागी शून्य बाइट मिळतात.

पायथनची साधने

पायथन ३.६ पासून विंडोजवर फायलींची नावे यूटीएफ-८ धरली जातात, त्यामुळे नावांचा त्रास नाही. मजकुराचा आहे. ‘ओपन’ला एन्कोडिंग सांगितले नाही तर तो १२५२ धरतो आणि ‘चारमॅप’ची त्रुटी येते. त्या त्रुटीत बहुतेक वेळा बाइट ८डी किंवा ८१ दिसेल. १२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत, आणि मराठीत ८डी म्हणजे हलंताचा शेवटचा बाइट, ८१ म्हणजे पहिल्या उकाराचा. जोडाक्षर आले की प्रोग्रॅम कोसळतो. ‘कमल’ असा जोडाक्षराविना मजकूर असेल तर कोसळत नाही, गुपचूप कचरा होतो, आणि हे जास्त वाईट.

दुसरी नेहमीची तक्रार: पडद्यावर छापते, पण आउटपुट फाइलमध्ये वळवले की बंद पडते. कन्सोलवर पायथन युनिकोडने लिहितो, पाइपमध्ये पुन्हा १२५२ ने. प्रत्येक ‘ओपन’मध्ये एन्कोडिंग स्पष्ट लिहा आणि स्टँडर्ड आउटपुट सुरुवातीलाच यूटीएफ-८ वर ‘रीकॉन्फिगर’ करा. तात्पुरता उपाय म्हणून ‘पायथनयूटीएफ८’ हा पर्यावरण चल १ करता येतो (३.७ पासून), पण तो वापरकर्त्यावर सोडू नये.

‘पाठ’ आणि ‘अहवाल’ यांनाच का त्रास होतो?

वरची सगळी दुरुस्ती झाल्यावरही काही मोजक्या नावांच्या तक्रारी येत राहतात: ‘पाठ’, ‘मठ’, ‘विद्यापीठ’. ‘पान’ उघडते, ‘पाठ’ उघडत नाही. हे पाहून फाइल खराब आहे असे वाटते. कारण मात्र एका बाइटात आहे.

बहुतेक साधने सेटिंगच्या फाइलमधून ओळ वाचतात आणि दोन्ही टोकांची रिकामी जागा ‘आयएसस्पेस’ने छाटतात. ‘ठ’चे तीन बाइट आहेत ई०, ए४, ए०. १२५२ मध्ये ए० म्हणजे न तुटणारी रिकामी जागा. प्रोग्रॅमने त्या कोडपेजचे लोकेल लावलेले असेल तर ‘आयएसस्पेस’ ए० ला होकार देतो, ‘ठ’चा शेवटचा बाइट छाटला जातो आणि नाव मोडते. शब्दाच्या शेवटी ‘ठ’ असेल तरच हे दिसते, म्हणून महिनोन्महिने लपून राहते.

मॅकवर हाच दोष आणखी रुंद आहे. तिथे यूटीएफ-८ लोकेलमध्येही ‘आयएसस्पेस’ ए० आणि ८५ या दोन्ही बाइटांना होकार देतो. ८५ हा ‘अ’चा शेवटचा बाइट आहे (ई०, ए४, ८५) आणि ‘ॅ’चाही (ई०, ए५, ८५). मजकूर रिकाम्या जागांवर तोडणारा कोड ‘अहवाल’ या शब्दाचे दोन तुकडे करतो. लिनक्सवर यूटीएफ-८ लोकेलमध्ये सुटे बाइट रिकाम्या जागा ठरत नाहीत, म्हणून तिथे हे कधीच घडत नाही.

उपाय साधा आहे. फायलींची नावे आणि सेटिंग वाचताना लोकेलवर अवलंबून असलेली ‘आयएस’ मालिकेतली फंक्शने वापरूच नका. स्पेस, टॅब, कॅरेज रिटर्न, लाइन फीड या चार चिन्हांची तुलना करणारे स्वतःचे दोन ओळींचे फंक्शन लिहा. त्याने आणखी एक दोष जातो: सी भाषेतला ‘चार’ (कॅरॅक्टर) हा प्रकार बहुतेक ठिकाणी चिन्हांकित असतो, त्यामुळे ई० हा बाइट ऋण संख्या होऊन या फंक्शनांत जातो आणि व्हिज्युअल सीच्या डीबग बिल्डमध्ये प्रोग्रॅम तिथेच थांबतो.

मॅक: नाव तेच, बाइट वेगळे

मॅकची जुनी फाइलप्रणाली एचएफएस प्लस नावे विघटित रूपात ठेवते. इंग्रजीत याचा त्रास नाही, हिंदीत थोडा, मराठीत रोजचा, कारण आपला ‘ऱ’. यू+०९३१ या एका अक्षराचे ती ‘र’ (यू+०९३०) आणि नुक्ता म्हणजे खालचे टिंब (यू+०९३सी, बाइटांत ई०, ए४, बीसी) असे दोन भाग करते. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘कोऱ्या वह्या’ या सगळ्या नावांचे बाइट फाइल तयार होताच बदलतात. साधनाने ‘दऱ्या’ नावाची फाइल बनवली, मग फोल्डर वाचले आणि बाइटांची तुलना केली, तर त्याला ती फाइल सापडत नाही. जुळवणी करणारे साधन तीच फाइल एका बाजूला ‘नवी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पुसलेली’ म्हणून दाखवते.

२०१७ मध्ये मॅकओएस १०.१३ सोबत एपीएफएस आली. ती दिलेले रूप जसेच्या तसे ठेवते आणि शोधताना दोन्ही रूपे एकच मानते. म्हणून हा प्रश्न संपला असे समजू नका. जुन्या डिस्कवरून आलेली नावे विघटितच राहतात, बाहेरच्या डिस्क अजून एचएफएस प्लसच्या असतात आणि मॅकच्या स्वतःच्या लायब्ररीतून नाव आले तर ते विघटित असू शकते. अशी नावे लिनक्सवर पोचली की तिथे ‘दऱ्या’ नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी बसतात.

नियम असा ठेवा: तुलनेसाठी नावाची एनएफसी प्रत, म्हणजे युनिकोडने ठरवलेल्या एकसंध रूपातली प्रत, बनवा (यूटीएफ८प्रोक किंवा आयसीयू, दोन्ही लायब्ररी मुक्त आहेत), पण फाइल उघडताना, हलवताना, पुसताना फोल्डरमधून मिळालेले मूळ बाइटच वापरा. साधनाने परस्पर नाव ‘सुधारून’ ठेवू नये. एनएफसी केले म्हणजे सगळे एकसंध झाले असेही नाही. ‘ऱ’ एनएफसीत एकत्र होतो, पण ‘ग़ज़ल’मधली नुक्तेवाली अक्षरे युनिकोडच्या नियमानुसार एनएफसीतही विघटितच राहतात. म्हणून दोन्ही बाजूंना रूपांतर करूनच तुलना करा, एका बाजूला नाही.

गिटमध्ये मॅकसाठी ‘कोअर.प्रीकंपोजयुनिकोड’ आहे (१.७.१२ पासून), तो ‘ट्रू’ असू द्या. आरसिंकने मॅकवरून लिनक्सकडे पाठवताना ‘आयकॉन्व्ह’ या पर्यायात आधी यूटीएफ-८-मॅक आणि मग यूटीएफ-८ द्या. त्यासाठी आरसिंक ३ लागते.

नाव मुळातच वैध यूटीएफ-८ नसेल तर एपीएफएस ते नाकारते आणि ‘इलीगल बाइट सीक्वेन्स’ अशी त्रुटी येते. लिनक्सवरच्या जुन्या संग्रहात अशी नावे निघतात. ती वगळून पुढे जा, पण कोणती वगळली त्याची यादी वापरकर्त्याला द्या.

एनएफसीने न सुटणारी दोन मराठी नावे

‘दऱ्या’ दोन प्रकारे टंकता येते. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की यू+०९३१ येतो. काही ध्वन्यात्मक कळफलक मात्र साधा ‘र’, हलंत आणि मागे न दिसणारा जोडक (यू+२००डी) टाकतात. दिसायला दोन्ही सारखे. युनिकोडच्या दृष्टीने हे दोन वेगळे मजकूर आहेत आणि कोणतेही सामान्यीकरण त्यांना एक करत नाही. तसेच ‘ॲ’चे. यू+०९७२ हे स्वतंत्र अक्षर युनिकोड ५.१ मध्ये २००८ साली आले. त्याआधीचा आणि आजचाही बराच मजकूर ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला आहे.

शोधणाऱ्या साधनात ही रूपे एक मानावीत, वापरकर्त्याला तेच हवे असते. बॅकअप आणि जुळवणीच्या साधनात कधीही मानू नयेत, कारण एकाच फोल्डरमध्ये दोन्ही रूपांच्या दोन खऱ्या फायली असू शकतात आणि एक मानल्या की एकीवर दुसरी लिहिली जाते.

लांबी

एक्स्ट४ वर एका नावाला २५५ बाइट मिळतात, म्हणजे ८५ देवनागरी अक्षरे. इथे अक्षर म्हणजे युनिकोडचे: ‘क्षेत्र’ यात सात आहेत, ‘विद्यार्थ्यांची’ यात पंधरा. एनटीएफएसवर मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची आहे आणि प्रत्येक देवनागरी अक्षर एकच एकक घेते. शासकीय पत्राचा पूर्ण विषय फाइलचे नाव म्हणून ठेवला तर विंडोजवर तो मावतो आणि लिनक्सवर ‘फाइल नेम टू लाँग’ येते. तात्पुरत्या फाइलसाठी मागे ‘.पार्ट’सारखा प्रत्यय जोडणारी साधने त्याहून आधी अडतात.

नाव छाटावेच लागले तर २५५ व्या बाइटावर सरळ कापू नका. ८० ते बीएफ या टापूतले बाइट अक्षराच्या मधले असतात, ते ओलांडून अक्षराच्या सुरुवातीपर्यंत मागे या. मग शेवटी हलंत लोंबत असेल तर तो आणि त्याचे व्यंजनही काढा.

‘नि:शुल्क’ आणि ‘जि.प.’

मराठीत विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकण्याची सवय सार्वत्रिक आहे: ‘नि:शुल्क’, ‘स्वत:’, ‘दु:ख’. लिनक्सवर हे नाव चालते. एनटीएफएसवर अपूर्णविराम म्हणजे उपप्रवाहाचा विभाजक. ‘नि:शुल्क प्रवेश’ नावाची फाइल लिहिली की ‘नि’ नावाची शून्य आकाराची फाइल दिसते आणि सगळा मजकूर तिच्या अदृश्य प्रवाहात जातो. त्रुटी येत नाही. बॅकअप यशस्वी झाला असे साधन सांगते. पेन ड्राइव्हवर ती फाइल कॉपी केली की मजकूर गेला. मॅकच्या फाइंडरमध्ये हेच नाव तिरकी रेघ घेऊन दिसते.

विंडोजवर नाव तयार करण्यापूर्वी निषिद्ध चिन्हे तपासा आणि परत फिरवता येईल असे टक्क्याचे एन्कोडिंग (चिन्हाऐवजी % आणि त्याचा सोळामान क्रमांक) वापरा. अपूर्णविरामाचा परस्पर विसर्ग करू नका, ‘निःशुल्क’ नावाची फाइल आधीच असू शकते.

‘जि.प.’चा प्रश्न शेवटच्या टिंबाचा. विंडोज नावाच्या शेवटचे टिंब आणि रिकामी जागा काढून टाकते. फोल्डर ‘जि.प’ होते, आणि जुळवणीचे साधन प्रत्येक वेळी संपूर्ण फोल्डर नव्याने कॉपी करत बसते. संक्षेप टिंबाने संपवायची मराठीची रीत असल्याने असे फोल्डर प्रत्येक कार्यालयात मिळते. इथेही तेच एन्कोडिंग, फक्त शेवटच्या चिन्हापुरते.

झिप फाइल बनवताना नोंदीच्या फ्लॅगमधला ११ क्रमांकाचा बिट लावला तरच वाचणारा नाव यूटीएफ-८ समजतो, नाहीतर कोडपेज ४३७ धरतो. विंडोजवर उघडलेल्या झिपमधली नावे बिघडलेली दिसली की पहिल्यांदा हा बिट पाहा.

चाचणीसाठी नावे

‘नमस्ते’ नावाची एक फाइल ठेवून मराठीची चाचणी झाली असे म्हणता येत नाही, वरचे बरेचसे दोष तिने पकडले जात नाहीत. हा संच ठेवा: ‘पाठ’, ‘अहवाल’, ‘कॅ’ (शेवटी ८५ साठी), ‘दऱ्या’ तिन्ही रूपांत (एकसंध, विघटित, जोडकाचे), ‘ॲड’ दोन्ही रूपांत, ‘ग़ज़ल’, ‘क’ हे अक्षर ८५ वेळा आणि ८६ वेळा, ‘नि:शुल्क’, ‘जि.प.’ फोल्डर, आणि एक नाव मोडी लिपीत. मोडी युनिकोड ७.० मध्ये २०१४ साली आली आणि ती पहिल्या ६५,५३६ जागांच्या बाहेर आहे. यूटीएफ-८ मध्ये तिचे अक्षर चार बाइट घेते आणि विंडोजवर दोन एकके, त्यामुळे ‘एक एकक म्हणजे एक अक्षर’ असे धरणारा कोड तिथेच उघडा पडतो. देवनागरीने तो कधीच पकडला जात नाही.

ही नावे स्रोत कोडच्या भांडारात प्रत्यक्ष फायली म्हणून ठेवू नका. अपूर्णविराम असलेल्या नावामुळे विंडोजवर गिटचा चेकआउटच अडेल आणि मॅकवर ‘दऱ्या’ची दोन रूपे एकमेकांवर पडतील. कोडपॉइंटच्या क्रमांकांवरून नावे बनवणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा, ती तात्पुरत्या फोल्डरमध्ये चालवा, आणि कोणते नाव कोणत्या प्रणालीवर जसेच्या तसे तयार होणार नाही ते त्याच स्क्रिप्टमध्ये नोंदवा: ८६ वेळा ‘क’ लिनक्सवर, दोन ‘दऱ्या’ मॅकवर, ‘नि:शुल्क’ विंडोजवर.